खालचं पोट, वरचं पोट

नीला मेश्रामला कुणी 'गोळी घे' म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि लखनौत तर जो भेटेल तो हेच म्हणायचा! ती ऑपरेटर होती त्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका म्हणायच्या, शेजारीण म्हणायची, आणि सगळ्यांत जास्त म्हणायचा आलमबागचा मोहन कंपाउंडर. नीला त्याच्या दवाखान्यावरून लंगडत गेली की तो दारात यायचा. "अरे भाभीजी, काहे तकलीफ सहती हैं? एक गोली, घुटना चकाचक!"

"मुझे मना है, भैया."

"सब लेते हैं. बस, खाना खाके लीजिए."

खाऊन घ्या म्हणे! नीलाचं खाणं ते केवढं? वाटीभर वरणभात गेला की पोट गच्च. कारण तिच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि तेही वजन उतरवायचं. नव्वदच्या दशकात लखनौत हे कुणाला सांगितलं तर लोक आधी हसायचे, मग तोंडाकडे बघत राहायचे.

त्यापूर्वीची नीला म्हणजे, रिक्षावाला लांबून बघून पायडल मारत पुढे निघून जायचा. नागपूरहून लग्न होऊन आली तेव्हाच अंगानं भरलेली होती, प्रिया झाल्यावर तर विचारूच नका. चौदा एप्रिलला चारबागहून हजरतगंजच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत मिरवणूक निघायची. सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून पायी चालायच्या आणि नीलाला मात्र टेम्पोत, भोंग्याशेजारी बसवायचे. "तुझ्यानं चालणं होत नाही," असं नवरा बबन प्रेमानंच म्हणायचा. ते प्रेम तिला झोंबायचं. बाबासाहेबांनी चालायला शिकवलं आणि आपण दरवर्षी सामानासारखं लादून घेतो, असं तिच्या मनात यायचं. एका वर्षी टेम्पोतून उतरताना तिनं ठरवलं, आता बस्स.

मुंबईला तिचा भाऊ होता. तिथल्या डॉक्टरनं वरच्या बाजूला वाटीएवढं पोट वेगळं केलं, खालचं मोठं पोट बंद करून टाकलं, आणि आतडं थेट वरच्याला जोडून दिलं. निघताना त्यानं बजावलं, "सूज उतरवणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या आता जन्मात घ्यायच्या नाहीत. जेवून नाही, दुधाबरोबर नाही, एक दिवससुद्धा नाही. त्या जोडावर जखम होते, रक्त वाहतं, जीव जातो. अगदीच असह्य झालं तर तापाची साधी पॅरासिटामॉल, तीही मापात." नीलानं ते काळजावर कोरून घेतलं.

वजन उतरलं. साड्यांचे ब्लाउज तीनदा आत घ्यावे लागले. पण गुडघे मेले झिजलेले ते झिजलेलेच! रोज पायाला वाळूच्या पिशव्या बांधून ती व्यायाम करायची, शेकायची, कळवळायची, पुन्हा करायची. प्रिया म्हणायची, "मम्मी, यार, एक गोली से क्या होगा?" त्यावर नीला नुसती अशी बघायची की पोरगी पुस्तकात डोकं घालायची.

अशात दिवाळीनंतर उमरेडहून बबनची आई आली. नीला तिला आत्याबाई म्हणायची. म्हातारी मायेची होती, पण मायेच्या माणसाला स्वस्थ बसवत नाही ना! लखनौची थंडी पडली, सकाळी धुकं उतरलं की नीलाचे गुडघे ठणकायचे, तिच्या तोंडून "आई गं" निघायचं आणि म्हातारीचं काळीज हलायचं.

आणि पौषात चमत्कार झाला. नीलाचे गुडघे दुखायचे थांबले! ती तरातरा जिना चढली. बबननं पेढे आणले. व्यायामाला फळ आलं म्हणून नीला तर हवेतच होती.

मग छातीखाली जाळ सुरू झाला. आधी तिनं तिखटावर ढकललं. मग एके सकाळी संडास डांबरासारखी काळी झाली, आणि एक्स्चेंजच्या पायऱ्यांवर डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती खाली बसली. इस्पितळात नळी घालून पाहिलं. जोडावर जखम, त्यातून रक्त वाहत होतं. "कौन सी गोली खा रही थीं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "कोई नहीं," नीला म्हणाली. बाईंनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नाही, हे नीलाला रक्त गेल्याहून जास्त लागलं.

घरी आल्यावर जवसाची चटणी करायला तिनं खलबत्ता काढला. तळाशी गुलाबी टरफलं चिकटलेली. तिनं बोट लावून जिभेवर ठेवलं. कडू जहर!

"आत्याबाई, हे काय हाय?"

म्हातारीचा चेहराच सगळं सांगून गेला. रोज नीलाच्या चटणीत एक गोळी कुटून घालत होती. मोहन कंपाउंडरकडून आणलेली.

"मारायचं होतं का मले?" नीला ओरडली. आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल, जाऊ दे!

"नाही वं माय!" म्हातारी रडायलाच लागली. "मी विचारलं नं त्याले! म्हटलं, सुनेचं पोट कापलं हाय, चालते का? तर त्यानं सांगतलं, 'खाली पेट में नुकसान करती है.' खाली पेट! म्हंजे खालच्या पोटात. अन् तुयं खालचं पोट तं डॉक्टरनं बंदच करून टाकलं नं! मंग नुकसान कायचं? मले वाटलं, बरं झालं बाप्पा, हिले तं वरचंच पोट हाय!"

 इतकी वर्षं या हिंदीत नीला बोलली, भांडली, हजारो लोकांचे फोन जोडून दिले. आणि घरातल्या एका शब्दानं तिचा जीव घेतला असता! तिला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही.

"अहो, खाली म्हंजे रिकामं! हिंदीत खाली म्हंजे रिकामं पोट!"

"असं कसं?" म्हातारी खरोखर चिडली. "खाली म्हंजे खाली! हे काय बोलणं झालं?"

गोळ्या थांबल्या, जखमेचं औषध सुरू झालं, आणि गुडघ्यांचा ठणका पुन्हा हजर झाला. एप्रिलपर्यंत पोट सावरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम भरली, चाला. चौदा तारखेला सकाळी बबन हात जोडून म्हणाला, "टेम्पोत बस वं या वर्षी. पुढच्या वर्षी चाल."

"पुढचं वर्ष तुम्ही लिहून आणलं का?" नीला म्हणाली आणि पांढऱ्या साडीचा पदर खोचून चारबागला उभी राहिली.

ऊन मी म्हणत होतं. लेझीम पुढे गेली, बाया पुढे गेल्या, घोषणा पुढे गेल्या. नीला मागे मागे पडत गेली, आणि तिच्या बाजूला काठी टेकत आत्याबाई. वाटेत मांडव घालून प्रथमोपचाराचं टेबल मांडलेलं, आणि त्यामागे कोण? मोहन कंपाउंडर! नीलाला लंगडताना बघून त्यानं गोळ्यांची पट्टी फाडलीच. "आज तो ले लीजिए, भाभीजी! बस, खाली पेट मत..."

"ओ कंपाउंडर!" म्हातारीनं काठी उगारली. "इसको खाली पेट भी नहीं, भरा पेट भी नहीं! वरचा नहीं, खालचा नहीं! तेरी गोली तूच खा!"

रांगेतले लोक वळून बघायला लागले. मोहननं गोळी निमूट खिशात घातली. नीलानं म्हातारीच्या खांद्यावर हात टाकला आणि पाऊल उचललं. दुखत होतं. दुखू दे. दुखणारा पाय तिचा होता आणि चालणारीही तीच होती.

त्या पोचल्या तेव्हा भाषणं संपली होती, खुर्च्या उचलायचं काम चाललं होतं. नीलानं पुतळ्यापाशी फूल ठेवलं, जयभीम केला. डोळे भरून आले तसे तिनं वाहू दिले. मागे बबन टेम्पो घेऊन उभा होता.

"आता तरी बस. टेम्पो खाली हाय."

"खाली म्हंजे रिकामा," आत्याबाई म्हणाल्या. "समजते आता मले."

"मंग रिकामाच जाऊ द्या त्याले," नीला म्हणाली, आणि परतीच्या रस्त्याला लागली.