वीस नटांची चोरी

आता ही माझी अक्कल कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? आधी कप खाली ठेवा, हसताना चहा अंगावर सांडेल.

हिरकणीवाडीत गडाच्या रोपवेजवळ आमचं शेत आहे. भात निघालं की मी तिथे पर्यटकांच्या गाड्या लावून घेतो. शेजारी बबनचा कोकम सरबताचा गाडा. बबन म्हणजे पाचाडच्या शाळेत माझ्याच बाकावर बसलेला दोस्त.

एका रविवारी पुण्याची एक बाई लालभडक गाडी घेऊन आली. गाडी एवढी बुटकी, की ती बांधावरून आत घेताना मीच वाकून तिचं पोट घासतंय का बघत होतो!

"दादा, लक्ष ठेवा हं."

"ताई, बिनघोर जा. हितनं काडी हलायची नाय!"

बाई गडावर गेली. मी कौतुकाने चाकापाशी वाकलो आणि बघतो तर काय? मधोमध एकच भलामोठा नट, बाकी साफ! माझ्या जीपच्या चाकाला पाच-पाच नट. हिच्या चारही चाकांची हीच गत. म्हणजे वीस नट गेले! मधला बहुतेक चोराच्या पान्यात बसला नसावा.

बाई गाडी काढणार, उतारावर चाक निघणार, आणि नाव कुणाचं? माझं! तेवढ्यात आठवलं, मघाशी बबन त्याच चाकाशी उकिडवा बसला होता.

"बबन, मुकाट्यानं नट काढ!"

"कसले नट?"

"गाडीचे! वीस!"

"आरं, मी फोटो काढत व्हतो! नटांचं काय लोणचं घालू?"

"मग खिसे दाखव!"

भर गिऱ्हाइकांसमोर बबनने खिसे उलटे केले. तंबाखूची पुडी निघाली आणि बायकोच्या औषधाची चिठ्ठी. त्याचे डोळे भरले. पण मी कसला ऐकतोय!

गर्दी बघून पोलीस पाटील आले. म्हणाले, "चोर मागनं शोधू. आधी तुझ्या जीपचे नट लाव."

मी जीपचे दोन नट काढून आणले. लावायला गेलो, तर भोकंच नाहीत!

"पाटील, चोरांनी भोकं बी नेली!"

पाटलांनी तेही वहीत लिहून घेतलं.

बाई गडावरून उतरली. सगळं ऐकलं आणि हसत बांधावरच बसली.

"दादा, शर्यतीच्या गाडीसारखी चाकं आहेत ही! आत हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तबकडीला, खुंट्या असतात, त्या चाकाच्या खाचांत बसतात. हा एकच नट सगळं आवळून धरतो, आणि तो सुटू नये म्हणून मध्ये ही कळ. शर्यतीत दोन-तीन सेकंदांत चाक बदलायचं, पाच नट कोण खोलत बसेल?"

मी बबनकडे गेलो. मान वर होईना. "चुकलो रे. तुझ्यावर आळ घेतला, लाज वाटते मला."

त्याने सरबताचा ग्लास भरून हातात दिला. मला वाटलं, मिटलं.

कुठलं मिटतंय! आता गाडी आली की बबन तिकडून ओरडतो, "बिनधास्त लावा! आमचा भाऊ नटांचं सोडा, भोकं बी मोजून घेतो!"

परवा एका पाहुण्याने जाताना गंभीरपणे विचारलं, "भाऊ, भोकं सगळी आहेत ना?"

आणि मी, खरं सांगतो, चाकापाशी बसून मोजली!