चंद्रीचा पहिला मान

दूध तापवले की साय धरते आणि दुधासाठी रांग लावली की किस्से धरतात. दोन्हींना न हलवता थांबावे लागते. बोनकोडे गावात इमारतींच्या मधोमध माझा माजी विद्यार्थी जनार्दन सहा गाईंचा गोठा चालवतो. तेथे मी, एक निवृत्त शिक्षिका, रोज सकाळी बरणी घेऊन उभी असते; त्यामुळे माझा संग्रह बराच समृद्ध आहे!

*

यंदा जनार्दनच्या चंद्री गाईला दगडी झाली, म्हणजे कासेला सूज आली. बरी व्हायची आणि पुन्हा उलटायची. रांगेतले देशमुख काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी तत्काळ हिशेब मांडला, "चारपैकी एकच सड बिघडला ना? म्हणजे नुकसान पंचवीस टक्के!"

गाईंना तपासायला येणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, सडांची खाती वेगवेगळी असली, तरी जंतूंना सगळ्या ब्रँचमध्ये एंट्री असते!"

*

औषध चालू असताना आणि नंतरही काही दिवस ते दुधात उतरे, म्हणून चंद्रीचे दूध फेकून द्यावे लागे. भरलेली बादली खड्ड्यात ओतली जाताना पाहून काका कळवळले. "अरे, फेकतोच आहेस, तर मला अर्ध्या भावात दे!"

"देतो की," जनार्दन म्हणाला, "पन आधी तुमाला सूज कुठं आली ती दाखवा!"

*

मग डॉक्टरीणबाईंनी सगळ्याच गाईंचे दूध चार खणांच्या ताटलीत घेऊन तपासले. औषधाचे थेंब पडताच आणखी तीन गाईंचे दूध जेलीसारखे घट्ट झाले. वरून दिसत नसले, तरी त्यांनाही लागण झाली होती. जनार्दनची आई, वेणूबाई, ताटलीत डोकावल्या.

"बाय, खरवस तर झक्कास झाला. वेलची घालू?"

जनार्दन मात्र हसला नाही. दूध आधीच घटले होते, निम्मे गिऱ्हाईक पिशवीच्या दुधाकडे वळले होते. या तिघीही आटल्या, तर गोठा मोडावा लागणार होता.

*

लागण पसरली कशी, हे डॉक्टरीणबाईंनी सकाळची धार पाहताच ओळखले. वेणूबाई सर्वांत आधी चंद्रीची धार काढत आणि तिची कास पुसलेल्या फडक्यानेच उरलेल्या पाच जणींना पुसत!

"फडके प्रत्येकीला वेगळे हवे, आणि आजारी गाय शेवटी!"

"फडकी धा देते," वेणूबाई म्हणाल्या. "पन चंद्री शेवटी? गोठ्याची थोरली हाय ती! थोरलीला डावललं तर लक्ष्मी रुसंल!"

डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर जंतूंचे फोटो दाखवले.

"येवढुसे? आनि यांना मी भिऊ?"

*

शेवटी जनार्दन माझ्याकडे आला. "बाई, आई तुमचंच ऐकंल."

मी वेणूबाईंना विचारले, "शाळेच्या गॅदरिंगला आधी कोण बोलते?"

"पोरं."

"आणि अध्यक्ष?"

"सगल्यांच्या शेवटी."

दुसऱ्या दिवसापासून पाच जणींची धार आधी. मग चंद्रीच्या कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ आणि अध्यक्षीय धार!

*

चंद्रीचा तो सड कायमचा आटला. बाकीच्या तिघी मात्र हळूहळू सुधारल्या, गिऱ्हाईक परतले, रांग पुन्हा रस्त्यापर्यंत गेली. एके सकाळी देशमुख काका नेहमीप्रमाणे, ज्येष्ठ नागरिक म्हणून, सरळ पुढे गेले.

वेणूबाईंनी माप खाली ठेवले. "काका, तुमी थोरले ना? मंग शेवटी उभं ऱ्हावा. मान हाय तुमचा!"

काका रांगेच्या टोकाला गेले.

माझा क्रमांक तिसरा होता. मी काकांपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. वेणूबाईंनी माझ्याकडे नुसते पाहिले.

मी बरणी उचलली आणि काकांच्या मागे जाऊन उभी राहिले.