इराच्या उंचीवरून

सिंगापुरातल्या आमच्या वुडलँड्सच्या ब्लॉकमध्ये निशिकांतइतका नीटनेटका माणूस दुसरा नाही, आणि त्या नीटनेटकेपणाचा मला मनस्वी कंटाळा येतो. बुओना व्हिस्टाच्या एका ऑफिसात तो सॉफ्टवेअरचे आराखडे करतो. सहलीला जायचं तरी आधी आकृती काढतो. मी शेजारी, त्यामुळे ती मला बघावी लागते.

त्याची मुलगी इरा पॉलिटेक्निकला आहे आणि फ्लॅग फुटबॉल खेळते. पायानं मारायचा फुटबॉल नव्हे. हा लांबुळका चेंडू हातानं फेकायचा, आणि समोरच्याला अडवायचं तर त्याच्या कमरेची पट्टी ओढायची. इरा संघाची क्वार्टरबॅक. चेंडू आधी तिच्या हातात येतो आणि धावत सुटलेल्या मैत्रिणींपैकी कुणाला द्यायचा ते तिनं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. कुणी कुठून कुठे धावायचं, याची आखणी मात्र आधीच झालेली असते. तिला प्ले म्हणतात. संघाकडे आखणी करणारं कुणी नव्हतं, म्हणून निशिकांत आपण होऊन पुढे झाला. आकृत्या काढायचं काम चालून आलं, त्याला आकाश ठेंगणं झालं.

त्यानं चाळीस प्ले काढले. चार रंगांत, प्लॅस्टिकमध्ये बंद करून. बहुतेकांत इरानं जागेवर उभं राहायचं आणि मैदानाच्या मधोमध, घोळक्यापलीकडे मोकळ्या झालेल्या मुलीला चेंडू द्यायचा. कागदावर ती मुलगी हमखास मोकळी असायची. प्रत्यक्षात तीन सामन्यांत इराचे नऊ चेंडू समोरच्या संघानं झेलले. प्रशिक्षक मेई लिंगनं शांतपणे सांगितलं, की येत्या शनिवारीही असंच झालं तर ती जागा दुसरीला द्यावी लागेल. पोरगी त्या दिवशी जेवली नाही.

पलीकडचं मला दिसत नाही, असं इरा सांगत होती. यावर निशिकांतनं काय करावं? तिला तोआ पायोहला नेऊन डोळे तपासून आणले. डोळे उत्तम निघाले. मग तिचं लक्षच नसतं, असं निदान करून त्यानं ते आमच्यादेखत तिला ऐकवलं. मला इतका राग आला की चहा तसाच ठेवून मी उठलो. मुळात पाच फूट उंचीची ती मुलगी, त्या क्षणी आणखी लहान दिसली.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं मला बोलावलं. आखणीत खोट नाही, हे त्याला सिद्ध करायचं होतं. जेवणाच्या टेबलावर त्यानं स्टीलचे पेले मांडले, ते समोरचा संघ. वाट्या म्हणजे आपल्या मुली. टेबलाच्या कडेशी एक सुपारी ठेवली, ती इरा. उभ्या-उभ्या तो मला समजावत होता आणि वरून बघताना सगळं खरंच पटत होतं. तेवढ्यात त्याची बायको स्मिता वाट्या मागायला आली. वरण तयार होतं, तिला खेळाशी कर्तव्य नव्हतं. तिचा हात लागून सुपारी खाली गडगडली. निशिकांत ती उचलायला वाकला, आणि वर येताना त्याची नजर टेबलाच्या कडेशीच थांबली. स्मिताला वाटलं, कंबर धरली.

"पद्माकर," तो हळूच म्हणाला, "इथून वाटी दिसतच नाही रे."

मीही वाकून पाहिलं. नुसते पेले दिसत होते. हात वर करून अंगावर धावून येणाऱ्या उंच मुली इराला अशाच दिसत असणार. बिचारी अंदाजानं फेकत होती, आणि चुकली की सगळ्यांचं बोट तिच्याकडेच.

निशिकांत तडक तिच्या खोलीच्या दारात गेला. "इरा, चूक तुझी नव्हती," तो म्हणाला. "मी सगळं वरून बघत होतो."

"आय टोल्ड यू ऑलरेडी, बाबा," इरा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. त्यालाही.

त्या दिवशी आम्ही वरण कपातून घेतलं, कारण वाट्या इराच्या ताब्यात होत्या. ती मांडत होती आणि निशिकांत जन्मात पहिल्यांदा गप्प बसून बघत होता. चाळीसांतले सहाच प्ले उरले, तेही बदलून. आता चेंडू हातात येताच इरानं उजवीकडे धावत उचललेल्या हातांच्या बाहेर पडायचं. मैत्रिणींनीही त्याच बाजूला यायचं, एकीनं जवळून, दुसरीनं तिच्या मागून. म्हणजे एका नजरेत दोघी.

शनिवारी इरा तीच होती, तिचा हातही तोच. तरी सामन्यात तिचा एकही चेंडू समोरच्यांना मिळाला नाही. आम्ही एका गुणानं हरलो, पण मेई लिंगनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या सामन्यालाही तीच जागा तुझी, असं सांगितलं.

आणि हा आमचा नीटनेटका गृहस्थ पूर्ण सामनाभर मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून अर्धा वाकून उभा होता, इराच्या उंचीवर. संपल्यावर त्याला सरळच होता येईना. या खेपेला कंबर खरोखर धरली होती. इरा धावत आली आणि तिनं त्याच्या काखेत खांदा दिला.

"दिसलं का गं?" त्यानं विचारलं.

"सगळं दिसलं, बाबा. तूपण."

मला भरून आलं, ते कशाला लपवू? दुसऱ्या बाजूनं मी त्याला धरलं आणि आम्ही तिघं हळूहळू बसस्टॉपकडे निघालो.