वाळत घातलेली फिल्म

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या त्या लहानशा दवाखान्यात बन्सीलालआप्पा एक्स-रे काढत. पण ऐट अशी, जणू माणसांची हाडं तेच घडवतात. पाय मोडलेल्या माणसालाही सुनावत, "जरा हसला असतास तर फोटो आणखी छान आला असता!" सुरतेत नव्याने उतरलेल्या खानदेशी माणसाला खोली, यंत्रमागावर काम आणि न मागितलेला सल्ला आप्पांकडूनच मिळे. असाच आलेल्या किसनला शेजारच्या बमरोलीत त्यांनीच वसवलं, त्याचं लग्नही त्यांनीच जुळवलं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात किसन आणि सुमन नऊ महिन्यांच्या राखीला घेऊन आले. तिचा दंड सुजला होता.

"काल पायनामाईन पडनी, आप्पा," किसन म्हणाला.

"पाळणा आहे का जिना रे तुमचा?" दीड महिन्यापूर्वी तिचा पाय मोडला, तेव्हाही आप्पांनी हाच विनोद केला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त दंड लिहिलेला. पण पोर एवढंसं, फिल्मवर छातीही आली. धुतलेली फिल्म आप्पांनी उजेडाला धरली. दंड ताजा मोडलेला; पाठीकडच्या बरगड्यांवर मात्र ओळीने गाठी, मोडून पुन्हा सांधत आलेल्या हाडांच्या. काल पडलेल्या पोरीच्या बरगड्या महिन्याभरापूर्वीच कशा मोडल्या? बाळाची छाती दोन्ही हातांनी आवळली की अशा गाठी येतात, हे डॉक्टरांनी त्यांना एकदा दाखवलं होतं.

"ओलीच द्या," किसन घाईत होता. "मागावरची पाळी चुकेल. हाडवैद्याला दाखवतो."

ठिबकती फिल्म लोकांच्या हाती देणं आप्पांचं रोजचंच. आज दिली असती, तर राखी त्याच हातांत परत गेली असती.

"ओली नेलीस तर फोटो पुसला जाईल," आप्पांनी थाप मारली. "वाळू दे. अर्धा तास बस."

आणि फिल्म घेऊन मागच्या दाराने ते डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी बरगड्यांवरच्या गाठी बोटाने मोजल्या. "पायाची फिल्मही तुम्हीच काढली होती ना?"

"हो साहेब. तेव्हा मी हसत होतो."

डॉक्टरांनी राखीला भरती करून घेतलं, पोलिसांना फोन केला. शिपायाने दंडाला धरून नेताना किसन ओरडला, "आप्पा, तूच मला इथे उभं केलंस ना?"

सुमन भिंतीशी उभी होती. किसनला नेल्यावर तिने स्वतःच्या डाव्या बरगड्यांवर हात ठेवला.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "मना बी फोटू काढी द्या."