सायलेन्सर आणि सूप

"घरी कोण ऐकते?"

गाडीचा सायलेन्सर बदलायला आलेल्या माणसाला मिस्त्री आधी हे विचारत. गाडी किती जुनी, किती पळाली, पेट्रोल किती पिते, यातलं काहीही नाही. बॉनेटकडे तर ते ढुंकूनही बघत नसत. सरळ मागे जाऊन उकिडवे बसायचे, धुराच्या नळीपुढे तळहात धरायचे, डोळे मिटायचे. मग तो काळा झालेला हात पँटला पुसत, तुमच्या तोंडाकडे टक लावून विचारायचे, "घरी कोण ऐकते?"

नागपुरात नंदनवनाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची टिनाची शेड होती. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. मी एका सरकारी कार्यालयात कारकून. निवृत्त होणाऱ्या एका साहेबांची गाडी मी घेतली होती, आणि तीही त्यांच्याकडे दुसऱ्या हातानेच आलेली. कारकुनाने गाडी घेतली म्हणून कचेरीत अर्ध्या लोकांना चहा कडू लागत होता. पण माझं दुःख वेगळंच होतं. गाडी येते कधी नि जाते कधी, हे आमच्या गल्लीत कुणाला कळतच नव्हतं! धरमपेठेतली पैसेवाल्यांची पोरं असे सायलेन्सर लावून फिरायची की चौकातला माणूस मान वळवून बघायचा. मला तसा हवा होता. "त्याने पिकअप वाढतो" असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. नवी चप्पल घालून उगाच पान खायला तुम्हीही कधी गेला असाल.

शेडच्या भिंतीवर तीन सायलेन्सर टांगलेले होते. मिस्त्रींनी एकेकाला बोट लावून सांगितलं, "हा पडद्याचा. आवाज नाही, पण गाडीचा दम कोंडते. हा जाळीचा, आत सरळ नळी, नळीले छेदं, भोवताल लोखंडाचा कीस भरला. गाडी मोकळा श्वास घेते, पिकअप येते, आवाज भारी, पण कानाले लागत नाही. अन् हा खाली डबा."

"त्याने काय होतं?"

"काही नाही होत. निसता बोंबलते. पोट्ट्यायसाठी ठेवला."

मला अर्थातच तोच हवा होता. त्यांनी त्यांचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, गाडी मी चालवणार, मीच ऐकणार.

ते हसले. "चालवणाऱ्याले काय ऐकू येते, बाबूजी? तो तं पुढं निंगून जाते. आवाज मांगं राहते. मांगं कोण हाय ते सांगा."

मागे माझी बायको होती. तिला अर्धशिशीचा त्रास. डोकं उठलं की भांडं पडल्याचा आवाजही तिला सोसत नसे. हे मी नाइलाजाने सांगितलं.

"मंग डबा विसरा," म्हणत त्यांनी जाळीचा खाली काढला. मला विचारलंसुद्धा नाही. मला रागच आला. पैसे देणारा मी, गाडी माझी, आणि निवड करणार हा माणूस! पण त्यांच्या हातात पाना होता आणि माझी गाडी खड्ड्यावर उभी होती, त्यामुळे मी मान डोलावली.

सायलेन्सर बसवून झाला की मिस्त्री स्वतः चक्कर मारायचे. मोठ्या रस्त्यावर नाही, शेडमागच्या त्यांच्याच गल्लीतून. त्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. उंबऱ्यावर त्यांची बायको सुपात तूरडाळ पाखडत बसलेली होती. मी शेजारी बसलो होतो. दारासमोर मिस्त्रींनी गाडी हळू केली आणि जरा जोर देऊन पुढे काढली. बाईने सूप मांडीवर ठेवलं. मिस्त्री शेडकडे परतले, सायलेन्सर खोलून आणखी मूठभर कीस आत दाबला, पुन्हा वेल्डिंग केलं, पुन्हा त्याच गल्लीतून गाडी नेली. या वेळी सूप चालूच राहिलं. बाईने मान वर करूनही बघितलं नाही.

"झालं," मिस्त्री म्हणाले. "घेऊन जा."

मला वाटलं, बिचारा बायकोला गाडीतून मिरवून दाखवतो. माझ्यासारखाच! मला तेवढ्यापुरता तो माणूस आवडूनही गेला.

आणि आवाज? काय सांगू! तबल्याच्या डग्ग्यावर कुणी हलका हात ठेवावा तसा. गाडी चढ असा चढायची की मलाच नवल वाटायचं. बायको म्हणाली, "आता तुम्ही वळणावर आलात की कळतं मला. चहा टाकता येतो." त्या दिवसापासून मी घरी पोचायचो तेव्हा चहा उकळत असायचा.

त्यानंतर मी काही ना काही निमित्त काढून शेडवर जाऊ लागलो. मिस्त्रींची एक खोड मात्र खटकायची. पाठीमागून हाक मारली तर ते ओ देत नसत. मला वाटलं, कसब आहे म्हणून माज आहे.

एका दुपारी ते शेडच्या तोंडाशी पाठमोरे बसून पत्रा ठोकत होते. मागून एक ट्रक उलटा येत होता. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. मी चहाच्या टपरीवरून ओरडलो. मिस्त्री हलेनात! आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने सुपातली मूठभर डाळ त्यांच्या पाठीवर फेकली. ते टुणकन उठून बाजूला झाले. ट्रक त्यांच्या पत्र्यावर येऊन थांबला.

मी टपरीवरून धावत तिथे पोचलो. बाईने माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बघून, मला काय ते कळलंय हे तिने ओळखलं असावं.

"आता समजलंच तुम्हाले," ती म्हणाली. "तं बसा. चहा पिऊन जा."

त्या चहाबरोबर मला सगळं सांगितलं गेलं. मिस्त्री तरुणपणी एका कारखान्यात बॉयलरच्या आत बसून रिव्हेट ठोकायचे. बाहेरून एकाने घण मारायचा, आतून यांनी ठोका धरून ठेवायचा. "छप्पनच्या दसऱ्याले आम्ही सारे दीक्षा घ्याले मैदानात होतो," ते म्हणाले. "तिथं मले सारं ऐकू आलं होतं. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत फटाके वाजून राहिले होते अन् मी हिले इचारलं, यंदा लोक फटाके काहून नाही फोडत वं?" सांगताना ते हसले. मला हसू येईना.

त्या दणक्यांनी कान गेले, पण लोखंडाचं कसब हातात राहिलं. तळहाताने त्यांना धुराचा धक्का कळायचा, इंजिन कुठे अडखळतं ते कळायचं. "पण हातानं धक्का समजते, सूर नाही समजत," ते म्हणाले. सूर बाई ऐकायची. सूप थांबलं की काम कच्चं, सूप चाललं की पक्कं. नागपुरातल्या कितीतरी गाड्या त्या उंबऱ्यावर पास होऊन गेल्या होत्या, आणि त्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

निघताना मिस्त्रींनी माझा दंड धरला. "बाबूजी, एवढं पोटात ठेवा. बहिऱ्याकडं आवाज बनवाले कोण येईन?"

मी शब्द दिला आणि तो पाळला. या गोष्टीत माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

चारेक वर्षांनी, भर उन्हाळ्यात, कावीळ होऊन ती बाई गेली. मी समाचाराला गेलो. त्यांची लेक रामटेककडच्या एका खेड्यात दिलेली होती, ती आली होती. बापाने आपल्याबरोबर चलावं म्हणून ती हटून बसली होती. मिस्त्री एकच म्हणत होते, "मी तिथं काय करू? धान लावू? माहं काम इथं हाय."

दहा-बारा दिवसांत त्यांनी शेड उघडली. माझ्या सायलेन्सरचा सांधा तेव्हा गंजून सुटला होता. डागडुजी करून भागलं असतं. पण मला वाटलं, माणसाच्या हाताला काम मिळेल. म्हटलं, मिस्त्री, नवा बनवा. त्यांनी दोन दिवस खपून बनवला. जुना शेडमध्येच पडून राहिला. मग मला शेजारी बसवून गाडी त्याच गल्लीत घातली.

दार बंद होतं. सूप भिंतीला टेकवलेलं होतं. दारासमोर त्यांनी सवयीने गाडी हळू केली, जोर दिला, आणि पुढे जाऊन थांबले. माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तुम्हीच सांगा आता."

आवाज वाईट होता. अगदी वाईट. रिकाम्या पिंपात कुणी साखळी ओढावी तसा. मला ते त्याच क्षणी कळलं होतं.

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "तसं नका सांगू. तिच्यावाणी सांगा. तिनं सूप ठेवलं असतं का चालवलं असतं?"

त्या वेळी तरी मी खरं बोलायला हवं होतं. आणखी मूठभर कीस, तासाभराचं वेल्डिंग, एवढ्यावर काम होतं. पण त्यांचे डोळे बघवेनात. लेकीच्या हट्टापुढे टिकायला त्यांना काहीतरी आधार लागत होता, आणि तो आपण देतोय असं मला वाटलं.

"चालवलं असतं," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही थोडं पुण्य लागल्यासारखं वाटलं. मूर्ख होतो मी.

पुढे काय झालं ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. जे मी पास केलं तेच त्यांनी माप धरलं. तेवढाच कीस, तशीच छिद्रं. येईल त्या गाडीला तेच! पहिल्या दोन गाड्यांचे मालक कुरकुरत निघून गेले. मग एक दिवस धरमपेठेतले एक डॉक्टर आले. मी तिथेच बाकावर चहा पीत होतो. माझी गाडी समोर उभी होती.

"हा काय सायलेन्सर आहे?" डॉक्टर गाडीतून उतरता उतरताच ओरडू लागले. "पेशंटच्या घरापुढे थांबलो तर घरातले लोक दचकले. मी सांगितलं होतं ना, घरी म्हातारी आई आहे! बहिरा आहेस का तू?"

डॉक्टर रागाने बोलून गेले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! पण मिस्त्रींनी ते शब्द ओठांवरून वाचले. टपरीवरची चार माणसं ऐकत होती. टपरीशेजारचा पंक्चरवाला हातातली ट्यूब तशीच धरून उभा राहिला. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी बाबूजी, लेखणी चालवून पोट भरणारा, मी चहाच्या कपात बघत राहिलो.

"हो जी," मिस्त्री म्हणाले. "बहिराच आहो मी."

मग ते डॉक्टरांच्या गाडीमागे बसले. त्यांनी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं आणि तळहात धरला. उठले आणि माझ्या गाडीकडे आले. खिडकीतून हात घालून त्यांनी किल्ली फिरवली, मागे जाऊन तसाच तळहात धरला. बराच वेळ. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"दोन्ही सारखेच हायेत," ते माझ्यापुढे येऊन म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "डॉक्टर साहेबाचा खराब, तं तुमचाबी खराब. मंग तुम्ही चालवलं असतं काहून म्हटलं, बाबूजी?"

मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

"तिले बी वाटत असन, मले वाईट वाटन म्हणून," ते म्हणाले. "पण एक डाव बी तिनं माह्या मनासाठी सूप चालवलं नाही. एकेका गाडीले चार-चार डाव ठेवलं. म्हणून तं मी मिस्त्री होतो."

डॉक्टर ओशाळले होते. मिस्त्रींनी त्यांना हात जोडले आणि दुसऱ्या एका कारागिराचं दुकान समजावून दिलं. मग त्यांनी वेल्डिंगची नळी गुंडाळायला घेतली. मी कप ठेवून निघालो. त्यांनी मला थांबवलं नाही.

त्यानंतर महिनाभर मी त्या रस्त्याने गेलो नाही, लांबच्या रस्त्याने कचेरीत जायचो. एका संध्याकाळी घरी आलो तर पडवीत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बायको म्हणाली, "तुमचे ते मिस्त्री आले होते. बसा म्हटलं, पण बसले नाहीत."

पोत्यात माझा जुना सायलेन्सर होता, पहिला. गंजलेला सांधा कापून तिथे नवा तुकडा इतका नेटका जोडला होता की बोट फिरवूनही जोड लागेना. मधल्या डब्याला मात्र हात लावलेला नव्हता. आतला कीस होता तसाच ठेवला होता.

"काही निरोप?"

"म्हणाले, बाबूजीले सांगा, हा तिनं पास केलेला हाय."

दुसऱ्याच दिवशी मी तो एका गॅरेजात बसवून घेतला आणि तिथून थेट मिस्त्रींच्या गल्लीत गेलो. दारासमोर गाडी हळू केली, जोर दिला. तोच डग्ग्यावरचा हात. दाराला कुलूप होतं. भिंतीला टेकवलेलं सूप तिथे नव्हतं. पंक्चरवाला मागून आला. "कोणाले पाहून राहिला गा? मिस्त्री तं गेले लेकीकडं. आज सकाळच्या गाडीनं." मी गाडी वळवून घरी आलो.

बायको दारात उभी होती. मी म्हटलं, आवाज कसा वाटतो, खरं सांग.

"आता बरा आहे," ती म्हणाली. "मधला फार वाईट होता हो. तुम्ही वळणावर आलात की मी डोकं गच्च धरून बसायची. फाटक वाजलं की उठायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हौसेने बसवलेला. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

आत चहा उकळत होता. मध्यंतरी तो कधी उकळत नसे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.