रिपोर्ट सोबत जोडला आहे

साजगावच्या ज्या कारखान्यात मी डिस्पॅच सांभाळते, तिथे पंपांना लागणाऱ्या रबरी रिंगा बनतात. माल निघाला की गिऱ्हाइकाला मेल जातो: अमुक लॉट, इतके नग, टेंपोचा नंबर, टेस्ट रिपोर्ट सोबत जोडला आहे. मजकूर दर वेळी तोच, फक्त आकडे बदलायचे. आणि ‘सोबत जोडला आहे’ असं लिहून रिपोर्ट जोडायचा मात्र आम्ही सगळेच विसरायचो. गेटवर टेंपो उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, बिल निघत नाही, अशात कोण लक्षात ठेवणार? मग गिऱ्हाइकाचा फोन यायचा आणि साहेब चार माणसांत मला सुनवायचे.

एकाच चुकीबद्दल तिसऱ्यांदा ऐकून घेणं मला जमत नाही. मी मेलचं टेम्प्लेट करून ठेवलं आणि रिपोर्ट त्या टेम्प्लेटलाच जोडला. लॅबच्या कॉम्प्युटरवरही तोच मेलबॉक्स उघडायचा. टेस्ट झाली की लॅबवाल्याने टेम्प्लेटमधला जुना रिपोर्ट काढून नवा लावायचा आणि सेव्ह करायचं. मी ते उघडायचं, लॉट नंबर आणि टेंपोचा नंबर घालायचा, पाठवायचं. खाली माझं नाव. विसरण्याची सोयच ठेवली नाही. साहेब खूश झाले, मीही झाले. मेल पाठवताना मी फाइलचं नाव आणि तारीख तेवढी बघायचे. फाइल उघडत नव्हते. लॅबमध्ये दुसरा कोणी असता तर कदाचित उघडली असती.

लॅबमध्ये होता तो कुंभिवलीचा. माझ्या माहेरच्या शेजाऱ्यांचा मुलगा. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं हायवेवरच्या ढाब्यावर गल्ला सांभाळत होता, तेव्हा मीच साहेबांना सांगून त्याला लावून घेतलं. मला भाऊ नाही. माझ्या मुलीचं लग्न कर्जतच्या भिसेगावात, आमच्या घराजवळच्या हॉलमध्ये झालं, तेव्हा मामा म्हणून तिच्या मागे हाच उभा राहिला. फेटा बांधून, घामाघूम होऊन, तिच्यापेक्षा जास्त रडत. ‘‘आरं, मुलगी कर्जतातच राहणार आहे, परदेशी नाय चालली,’’ असं मी त्याला म्हटलं होतं, तर म्हणाला, ‘‘तुमी गप ऱ्हावा ताई, मला रडू द्या.’’

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पंपवाल्या गिऱ्हाइकाच्या बाईंचा फोन आला. त्या खरेदी बघतात, बोलायला गोड आणि कामाला कडक.

‘‘मॅडम, तुमच्या लॅबमधली माशी फार शिस्तीची दिसते.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘दर रिपोर्टवर त्याच जागी येऊन बसते. शिक्क्याच्या वर, उजव्या कोपऱ्यात.’’

मी हसले. म्हटलं, ‘‘अहो, स्कॅनरच्या काचेवर डाग असेल. आजच पुसायला सांगते.’’

‘‘सांगा. आणि सही करणाऱ्यांना नवीन पेनही द्या. पाच महिन्यांत दर वेळी त्याच अक्षरावर शाई तुटते. आमच्या पंपांतून तेल गळतंय, मॅडम. तुमच्या रिंगा फुगल्यात.’’

तरीही मी म्हणाले की आमचा माणूस तसला नाही, मी त्याला लहानपणापासून ओळखते. फोनवर, परक्या बाईला, ठणकावून. ते वाक्य मला अजून सलतं.

फोन ठेवून मी पाच महिन्यांचे पाठवलेले मेल काढले, त्यांना जोडलेले रिपोर्ट छापले आणि दोन दोन कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. उजेडात सगळं जुळलं. सही सहीवर, शिक्का शिक्क्यावर, माशी माशीवर. आकडेही तेच. फक्त लॉट नंबर आणि तारीख वेगळी. एकच रिपोर्ट पाच महिने फिरत होता आणि तो मी फिरवला होता.

ही टेस्ट म्हणजे रिंगा गरम तेलात तीन दिवस ठेवायच्या आणि किती फुगतात ते मोजायचं. त्यासाठी लॅबमध्ये ओव्हन आहे. मी कागद घेऊन खाली गेले आणि आधी ओव्हनचं दार उघडलं. आत त्याचा डबा होता. शेजारी बिस्किटांचा पुडा आणि घडी घातलेला रेनकोट.

‘‘कधीपासून बंद आहे?’’

‘‘गणपतीच्या आधीपासून. कॉइल जळली.’’

‘‘साहेबांना सांगितलंस?’’

‘‘दोनदा. बोलले, बघू. तवर माल थांबवायचा नाय.’’

‘‘आणि मला?’’

तो डब्याचं झाकण उगाच दाबत राहिला. मग म्हणाला, ‘‘तुमाला सांगितलं असतं तर तुमी मेल पाठवला नसता.’’

‘‘नसताच पाठवला.’’

‘‘म्हनून तर. आनि तुमी पाठवलं म्हंजे फुडं कोन उघडून बघतंय, ताई? तुमचं नाव बघूनच माल आत घेतात.’’

त्याच्या आवाजात लबाडी असती तर मला सोपं गेलं असतं. तो जवळजवळ कौतुकाने बोलत होता. माझं नाव त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि ते कशाला उपयोगी पडेल हेही.

तोवर पंपवाल्यांची तक्रार साहेबांपर्यंत पोचली होती. संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांना ओव्हनचं ठाऊक होतंच, त्यामुळे आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही. त्यांनी उपायही काढून ठेवला होता. म्हणाले, ‘‘तुम्ही गिऱ्हाइकाला कळवा, टेम्प्लेटमध्ये जुनी फाइल चुकून राहिली. क्लेरिकल मिस्टेक. खरे रिपोर्ट चार दिवसांत पाठवतो म्हणावं.’’

‘‘खरे रिपोर्ट कुठे आहेत?’’

‘‘बनतील.’’

मी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा बोलेल. तो बोलला. ‘‘ताई, लिवा ना तेवढं. माझी नोकरी जाईल. तुमाला कोन काय बोलनार नाय, टेम्प्लेट तुमीच बनवलंय.’’

म्हणजे विसरू नये म्हणून मी जी सोय केली होती, तीच आता माझा विसराळूपणा ठरणार होती. आणि हे सुचवत होता माझ्या मुलीचा मामा. साहेबांनी फसवलं याचं मला फार काही वाटलं नाही, साहेब लोकांकडून मी तेवढं धरूनच चालते. ह्याच्याकडून धरलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘‘लिहिते.’’

टेबलावर आले आणि कोरा मेल उघडला. लिहिलं की गणपतीच्या आधीपासून आमचा ओव्हन बंद आहे, टेस्ट झालेल्या नाहीत, माझ्या नावाने आलेले या काळातले सर्व रिपोर्ट रद्द समजावेत. ज्यांना ज्यांना ते गेले होते, त्या सगळ्यांचे पत्ते टाकले. खाली जाऊन उघड्या ओव्हनचा मोबाइलवर फोटो काढला, डब्यासकट. तो मेलला जोडला, पुन्हा एकदा उघडून बघितला आणि पाठवला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. पंपवाल्यांनी माल परत पाठवला. नवा ओव्हन मात्र आठ दिवसांत आला, इतके महिने जो ‘बघू’ होता तो. मला स्टोअरमध्ये बसवलं, पावसाळा मी तिथे नटबोल्ट मोजत काढला. मग डिस्पॅचचा घोळ कोणाला निस्तरेना, तेव्हा गुपचूप परत आणलं. त्याची नोकरी गेली नाही. त्याला मशीनवर टाकलं, दोन महिन्यांनी तो स्वतःच सोडून गेला. ताईने पोटावर पाय दिला असं तो कुंभिवलीत सांगतो. माझ्या कानावर यावं म्हणूनच सांगतो. एकदा हायवेला पेट्रोल भरताना समोरच आला. मी हेल्मेट काढलं नाही, त्यानेही मान वळवली नाही. मुलगी विचारते, ‘‘मामाला दिवाळीला बोलवायचं का गं?’’ मी सांगते, ‘‘तुझा मामा आहे, तू ठरव.’’ तिने अजून ठरवलेलं नाही.

टेम्प्लेट मी अजूनही वापरते. काम आहे, वापरावं लागतं. पण त्याला आता काहीही जोडलेलं नसतं. वर पहिल्याच ओळीत मी लाल अक्षरांत लिहून ठेवलंय: ‘रिपोर्ट उघडून वाचला का?’ वाचायचा, जोडायचा आणि मग ती ओळ खोडायची. मागच्या महिन्यात ओळ खोडायची राहिली आणि मेल तसाच पंपवाल्या बाईंना गेला. पाच मिनिटांत उत्तर आलं: ‘‘हो, आम्ही वाचला. तुम्ही?’’

मी वाचला होता. शेवटच्या आकड्यापर्यंत, आणि खाली लॅबमध्ये जाऊन रजिस्टरशी ताडूनही बघितला होता. लॅबमध्ये आता एक नवी मुलगी आहे. काम चोख करते, ओव्हनचं दार माझ्यासमोर उघडून दाखवते. आल्या आल्या मला मावशी म्हणायला लागली होती. मी तिला सांगितलं, मॅडम म्हण.