अकरा कोऱ्या ओळी

सदाशिव गेल्याची बातमी मला अंजनगाव सुर्जीच्या शिवारात कळली. फाल्गुनातला दिवस होता, ऊन नुकते तापायला लागले होते. मी मोजणी खात्यात कारकून आहे. त्या दिवशी आम्ही एक लांबट वावर मोजत होतो आणि साखळीचे सतरावे माप जमिनीला टेकले होते. तेवढ्यात बांधावरून एक गाडीवान आला. अकोल्याहून निघून, चोवीस कोस चालून तो दुसऱ्या दिवशी माझ्यापर्यंत पोचला होता. "सदाशिव मास्तर तुमचे कोन लागतात?" त्याने विचारले. मी म्हणालो, "माझ्या बायकोचा धाकटा भाऊ." तो म्हणाला, "मंग खाली बसा, भाऊ..." मी बसलो. पाच दिवसांच्या तापाने तो गेला होता. वय बावीस वर्षे आणि चार महिने. मी हे लिहितो आहे तेव्हा तो जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले आहेत.

सदाशिव मूळचा बाळापूरचा. घरची काळी जमीन, चार बैल, विहीर. शिकायचे म्हणून वयाच्या तेराव्या वर्षी तो अमरावतीला आमच्या घरी आला आणि सहा वर्षे राहिला. अभ्यासात तो मध्यम होता. गणितात तर कच्चाच. मी रोज सायंकाळी त्याला त्रैराशिक शिकवायला बसत असे आणि तो उत्तराऐवजी भलतेच विचारत असे. "भाऊजी, हे दहा मजूर बारा दिवसांत विहीर खंदतात म्हनता. पन त्यायच्यात एखादा तरी आळशी असनच ना?" मी म्हणे, "गणितात आळशी नसतो." त्यावर तो म्हणे, "मंग थे गनित कायचं, भाऊजी!" माझी पत्नी यमुना आतून हसायची. मला मात्र त्या वेळी राग येत असे.

ती वर्षे कशी होती हे वाचकांना ठाऊक आहेच. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसावर विलायतेच्या व्यापाऱ्यांची नजर पडली. ज्वारीच्या वावरात कापूस, तुरीच्या वावरात कापूस. कोणी शेतकऱ्याने म्हणे गाडीच्या चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव, म्हणजे कडे, बसवली. ही गोष्ट मी अकरा जणांना खोदून विचारली. अकराही जणांनी ती दुसऱ्याकडून ऐकलेली होती, पाहिलेली कोणी नव्हती. मी तसे सदाशिवला सांगितले. तो म्हणाला, "चाक नसन. पन अकरा जनायनं थे सांगतलं, हे त खरं हाय ना? मले त्याचंच नाटक लेहायचं हाय." नाटक हा शब्द त्याने गंभीरपणे उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा.

लोकांच्या हाती पैसा खेळत होता, त्यामुळे दूरदूरच्या नाटकमंडळ्या अमरावतीला गाड्या जोडून येत. देव, दानव, ऋषी, विदूषक. राक्षस आला की पहिल्या रांगेतली मुले मागच्या रांगेत पळत. सदाशिवने एकच खेळ दोनदा पाहिला आणि त्याच्या ध्यानात आले की पहिल्या दिवशी राक्षस जे बोलला ते दुसऱ्या दिवशी बोलला नाही. त्याने थेट सूत्रधाराला गाठून पुस्तक मागितले. सूत्रधार पान लावत म्हणाला, "पुस्तकात पदं आहेत, बाळ. बोलणं ज्याचं त्याच्या पोटात." तेव्हाची रीतच तशी होती. पदे सूत्रधाराने म्हणायची आणि मधले बोलणे नटाने जागच्या जागी रचायचे. जो जास्त बोलेल तो मोठा नट. गप्प उभा राहील तो विसरला, असे लोक समजत. सदाशिव घरी येऊन मला म्हणाला, "भाऊजी, थे कोनी गप्पच बसत नाही. मानूस इतका बोलते का कधी?"

त्या दिवसापासून त्याने एक वही सुरू केली. ती आता माझ्याजवळ आहे; एकशे बारा पाने भरलेली आहेत. नाटकाविषयी त्याला जे सुचे ते तो त्यात लिही. काही नोंदी इथे देतो, कारण त्या माझ्यापेक्षा त्याची ओळख नीट करून देतील. एके ठिकाणी लिहिले आहे : 'राक्षस वाईट आहे हे तो येण्याआधीच सर्वांना माहीत असते. म्हणून त्याला ओरडावे लागते. ज्याचे बरे-वाईट अजून ठरलेले नाही, अशा माणसाला ओरडण्याचे कारण नाही.' दुसरीकडे : 'मी पात्रांची यादी करतो आणि कोणाला काय बोलायचे आहे ते पुढे लिहितो. आज उलटे करून पाहिले. कोणाला काय बोलता येणार नाही ते लिहिले. नाटक तिथून सुरू झाले.' आणि एका पानावर एवढेच : 'विषय शोधायला देवलोकात जाण्याची गरज नाही. आपल्या विहिरीपर्यंत गेले तरी पुरे.'

पुढे अकोल्याला शाळेत मास्तरची जागा मिळाली आणि तो तिकडे गेला. खोलीच्या शेजारी माळ्यांची वस्ती होती. त्यातल्या रघू नावाच्या तरुण माळ्याला त्याने अक्षरे शिकवली आणि त्याच्यासारखेच आणखी पाच जण गोळा करून नाटकाची तालीम सुरू केली. नाटकाचे नाव 'मळा'. गोष्ट अगदी साधी. एक शेतकरी कापसाच्या भरात विहिरीजवळचा भाजीचा मळा मोडून तिथे कापूस पेरतो. तो मळा त्याच्या आईने वीस वर्षे जोपासलेला असतो. शेवटच्या प्रवेशात म्हातारी येते, उपटलेली वांग्याची झाडे पाहते, आणि नातवाला म्हणते, "चाल रे, बैलायले पानी पाज." खेळ संपला. म्हातारीचे काम रघूकडे होते.

गेल्या गणपतीच्या सुट्टीत सदाशिव अमरावतीला आला तेव्हा मूळ हस्तलिखित माझ्याकडे ठेवून गेला. प्रत्येक नटाची नक्कल, म्हणजे त्याच्या एकट्याच्या वाट्याचे बोलणे, वेगळ्या कागदावर उतरवून द्यायची होती. माझे अक्षर चांगले, ओळ सरळ. मी हौसेने काम घेतले. शेवटच्या प्रवेशात म्हातारी येते तिथे त्याने अकरा ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. मला वाटले, पुढे काही सुचले तर भरू म्हणून जागा ठेवली असेल आणि मग राहून गेली असेल. आधीच्या प्रवेशांतही अशा तीन, चार ओळी सुटलेल्या होत्या. कागद वाया जाऊ नये म्हणून मी सगळ्या मिटवल्या आणि मजकूर एकाखाली एक नीट बसवला. एका पत्राने विचारता आले असते. मी विचारले नाही. सहा नकला गाडीने अकोल्याला पाठवल्या आणि काम वेळेत झाले याचे मला समाधान होते.

दसऱ्यानंतर, अकोल्यातल्या एका वखारीत नवा कापूस यायच्या आधी, वखारीच्या रिकाम्या आवारात खेळ ठरला. दिव्याच्या तेलाचा खर्च नको म्हणून दिवस मावळायच्या आत. मी गेलो होतो. दोनशे चाळीसच्या आसपास माणसे होती. पहिले प्रवेश सदाशिवने स्वतः बसवलेले होते. ते चांगले गेले. शेवटच्या प्रवेशाच्या तालमीच्या वेळी मात्र तो शाळेच्या तपासणीत अडकला होता, आणि रघूने ते काम नुसत्या कागदावरून पाठ केले होते. म्हातारी आली. उपटलेल्या झाडांकडे एकदा पाहिले न पाहिले, आणि लगेच म्हणाली, "चाल रे, बैलायले पानी पाज." लोक खदाखदा हसले. कोणी ओरडले, "बुढीले कायची फिकर, बैलायची पडली!" आणखी हशा. सदाशिव पडद्याच्या कडेला उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले. तो हसणाऱ्या लोकांकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रघूकडून नक्कल मागवली आणि मी परत आणलेल्या मूळ कागदाशेजारी ठेवली. मग मला समजले. त्याचा आणि नटांचा ठराव होता. एक कोरी ओळ म्हणजे एक श्वास. तेवढा वेळ कोणी बोलायचे नाही. अकरा ओळी, अकरा श्वास. रघूच्या कागदावर कोरी ओळ नव्हती म्हणून तो थांबला नाही. त्याची चूक नव्हती. सदाशिव म्हणाला, "भाऊजी, तुमी वावर मोजता तवा पडीत सोडून देता का?"

"नाही. पडीत जमीनही मोजावी लागते. नकाशात दाखवावी लागते."

"मंग माह्या पडीत ओळी कावून सोडल्या?"

तो चिडून बोलला असता तर मला सोपे गेले असते. तो खरोखरच विचारत होता. मी म्हणालो, "नवी नक्कल तूच लिही बाबा आता." त्यावर त्याने दौत माझ्याकडेच सरकवली. "तुमीच लेहा. तुमच्या हातची रेघ सरळ येते." मी पट्टी लावून अकरा रेघा आखल्या आणि कोऱ्या ठेवल्या. निरोप घेताना तो म्हणाला, "एक डाव बरोबर झालं पाह्यजे, भाऊजी. फकत एक डाव. मंग हासले त हासू द्या." पुढचा खेळ चैत्री पौर्णिमेला ठरला, वखार पुन्हा रिकामी झाल्यावर... फाल्गुनात तो गेला.

तेरावे झाल्यावर आम्ही दोघे त्याची खोली आवरायला अकोल्यात थांबलो होतो, तेव्हा रघू आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "खेळाचं काय करू, भाऊ? मास्तर नाहीत. तुमी म्हनान तसं." मी काही बोलायच्या आत यमुना म्हणाली, "माह्या भावाची राख अजून थंडी नाही झाली अन् तुमी नाटक करून राहिले? लोकायले एकदा हासवलं तेवढं पुरे नाही झालं का?" रघू मान खाली घालून गेला. तिचे म्हणणे चूक होते असे मला म्हणता येत नव्हते. पण तो खेळ झाला नाही तर लोकांच्या लक्षात सदाशिवचे नाटक म्हणून ते हसूच राहणार होते, आणि ते माझ्या हाताने झालेले होते. हे मी तिला सांगितले. नकलेची गोष्ट तिला तोवर ठाऊक नव्हती.

ती सुपातले तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "वाचा बरं, काय लेहलं त्यानं."

मी वाचले. शेवटच्या प्रवेशाशी आलो आणि कोऱ्या ओळींपाशी थांबलो, कारण वाचायला काही नव्हते. यमुनेचा हात सुपात तसाच राहिला. ती म्हणाली, "थे म्हातारी म्हनजे आमची माय हाय. बाबानं मळा मोडला त्या दिवशी आमी दोघं भावंडं बांधावर बसलो होतो. सद्या लहान होता. मले वाटलं, आता माय भांडन. लय वाट पाह्यली... अन् मंग मायनं सद्याले बैलायले पानी पाजाले लावलं. सासऱ्याच्या घरी गेल्यावर मले वाटे, आपल्यालेच आठवते हे. त्याले बी आठवत होतं." थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "होऊ द्या नाटक. पन सांगून ठेवते, कोनी हासलं त मी उठून येईन अन् तुमाले बी उठावं लागन."

चैत्री पौर्णिमेला ऊन उतरल्यावर खेळ सुरू झाला. आवाराच्या कडेला मी आमची दमणी, ती छोटी हलकी गाडी, उभी केली होती. यमुना तिच्यात पदर ओढून बसली आणि मी जुवाजवळ उभा राहिलो. बैल सोडले नव्हते. उठून जावे लागले तर वेळ नको म्हणून. माणसे या वेळी जास्त होती, मी मोजली नाहीत. बातमी सगळ्यांना कळलेली होती आणि सुरुवातीला लोक जरा जपूनच बसले होते. मग गमतीच्या ठिकाणी हसले. यमुना जागची हलली नाही. तिथे हसायचेच होते.

शेवटी म्हातारी आली. झाडांपाशी थांबली. मी श्वास मोजायला लागलो. तीन झाले, चार झाले. मागे कोणीतरी खाकरले. सहाव्याला कोणी हसल्यासारखा आवाज झाला, आणि दमणीत यमुनेच्या बांगड्या वाजल्या. ती उठायला लागली होती. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा कुणबी कळवळून मोठ्याने म्हणाला, "बोल ना वं माय, काही त बोल!" कोणीही हसले नाही. यमुना परत खाली बसली. रघू बोलला नाही. अकरा झाले. बारा, तेरा झाले, तरी तो तसाच उभा. मला वाटले, हा आता विसरला. सोळाव्या श्वासाला तो वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "चाल रे... बैलायले पानी पाज." लोक उठले ते बोलत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही अमरावतीला निघायच्या वेळी रघू मेथीच्या चार जुड्या घेऊन आला. मी माझ्या स्वभावाप्रमाणे विचारले, "रघू, कागदावर अकरा ओळी होत्या. तू सोळा श्वास थांबलास."

"मी मोजतच नव्हतो, भाऊ," तो म्हणाला. "त्या खेळानंतरच्या तालमीत मास्तर परद्याआडून हात वर करत. हात वर झाला का बोलाचं. काल बी मी तिकडंच पाहून राहिलो होतो. हात काही वर होये ना..."

"मग बोललास कशावरून?"

रघूने जुड्या दमणीत ठेवल्या आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "यानं मान हालवली. घुंगरं वाजले. म्हंतलं, तहानला असन."